ड्रॉप आणि ब्रेकडाऊन यांचा सांधा: ‘टेक्नो’ अल्बम समोर ठेवून मेटलकोअर-इलेक्ट्रॉनिक गाणे कसे बांधावे

जर्मनीच्या रूर खोऱ्यात, डॉर्टमुंडला लागून, कास्ट्रॉप-राउक्सेल नावाचे एकेकाळचे कोळसा खाणींचे शहर आहे. तिथल्या इलेक्ट्रिक कॉलबॉय या बँडने १६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘टेक्नो’ हा दहा गाण्यांचा अल्बम प्रसिद्ध केला आणि तो जर्मनीच्या अल्बमच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. हा बँड २०१० पासून एस्किमो कॉलबॉय या नावाने वाजवत होता. २०२० मध्ये गायक निको सालाख त्यात आला आणि २०२२ मध्ये, ‘एस्किमो’ हा शब्द उत्तर ध्रुवाकडच्या लोकांना दुखावणारा आहे हे मान्य करून बँडने स्वतःचे नाव बदलले. अल्बमच्या मूळ नावात ‘क’ हे अक्षर जाणूनबुजून दोनदा लिहिलेले आहे, कारण नव्वदच्या दशकातले जर्मन रेव्हकरी (रात्रभराच्या नृत्यमेळ्यांना जाणारे) आपला टेक्नो (यंत्रांवर वाजणारे नृत्यसंगीत) अधिक कडक आहे हे सांगण्यासाठी तसेच लिहीत असत.

जड गिटार आणि नृत्याचे इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र आणण्याचा प्रयोग त्याआधीही पुष्कळ झाला. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सच्या एंटर शिकारीचा पहिला अल्बम २००७ चा आहे आणि आस्किंग अलेक्झांड्रियाचा पहिला अल्बम २००९ चा. त्या काळातल्या बऱ्याच बँडांकडे सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारे वाद्य) हा दागिन्यासारखा होता: सुरुवातीला थोडा, मधल्या विसाव्याला थोडा, आणि गिटार सुरू झाली की गायब. ‘टेक्नो’मध्ये मात्र नृत्यसंगीतातला ड्रॉप (चढण संपून ठेका आणि बास एकदम कोसळतात तो क्षण) आणि मेटलकोअरमधला, म्हणजे मेटल व हार्डकोअर पंक यांच्या मिश्रणातला, ब्रेकडाऊन (संथ, जड ठोक्यांचा भाग) हे दोन्ही गाण्याच्या एकाच जागेवर येऊन बसतात, आणि म्हणून अशा प्रकारचे गाणे बांधायला शिकणाऱ्याने हाच अल्बम समोर ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. तबल्याची तिहाई संपून समेवर थाप पडते तेव्हा श्रोत्याच्या तोंडून जी दाद निघते, तिच्यामागे जे कारण आहे तेच ड्रॉपमागे आहे आणि तेच ब्रेकडाऊनमागेही आहे. दोन्ही संगीतप्रकारांची सम एकच असते हे ज्याला उमगले, त्याचे निम्मे काम झाले. पुढचा सगळा लेख त्या समेपर्यंत कसे पोहोचायचे याविषयी आहे.

पहिली पायरी: वही घेऊन ऐकणे

अल्बम अर्ध्या तासाहून थोडाच मोठा आहे, त्यामुळे तो एका बैठकीत ऐकता येतो. पण शिकण्यासाठी एकेक गाणे तीनदा ऐकावे लागते. पहिल्यांदा फक्त किककडे, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमकडे लक्ष द्यावे आणि ती कुठे प्रत्येक मात्रेवर सरळ पडते, कुठे गिटारच्या ठोक्यांशी बांधली जाते आणि कुठे पूर्ण थांबते, याच्या वेळा मिनिट-सेकंदांत लिहाव्यात. दुसऱ्यांदा फक्त सिंथ ऐकावा आणि गिटार जोरात असताना तो कोणत्या उंचीच्या सुरांत राहतो हे टिपावे. तिसऱ्यांदा आवाज ऐकावा. केविन रातायचाक गातो आणि कीबोर्डही सांभाळतो, निको सालाख दुसरा गायक आहे. त्यांच्यातली वाटणी कोणत्या ओळीवर बदलते हे पाहिले की गाण्याचा आराखडा उघडा पडतो.

सुरुवात ‘वुई गॉट द मूव्ह्ज’ने करावी, मग ‘पंप इट’ ऐकावे, आणि या दोन्हींची वही तयार झाल्यावर ‘हुरिकान’कडे वळावे. ‘हुरिकान’ जर्मन भाषेत आहे आणि ते श्लागर या प्रकाराच्या चालीवर सुरू होते. श्लागर म्हणजे जर्मनीतली सोपी, गोड, जत्रा-मेळ्यांत टाळ्यांच्या ठेक्यावर सगळ्यांनी मिळून म्हणायची गाणी. त्याच गाण्यात मग गुरगुरणारा आवाज आणि कमालीची जड गिटार येते. दोन टोके इतकी दूर असताना मधला सांधा कसा टिकतो, हे समजून घेण्यासाठी मी तेवढाच भाग कितीतरी वेळा मागे नेऊन ऐकला आहे, आणि उत्तर दर वेळी तेच मिळाले: चाल बदलते, आवाज बदलतो, पण ऐकणाऱ्याला मोजायचा ठेका सापडलेलाच राहतो.

दुसरी पायरी: लय ठरवणे

सिंथचा आवाज किंवा गिटारचा सूर निवडण्याआधी लय पक्की करावी. हाउस हे नृत्यसंगीत साधारण १२० ते १३० बीपीएमच्या (मिनिटाला पडणाऱ्या मात्रांच्या) दरम्यान चालते, ट्रान्स हा दुसरा नृत्यप्रकार १३० ते १४० च्या आसपास, आणि कडक टेक्नो त्याच्याही पुढे जातो. पहिल्या गाण्यासाठी मी १४० सुचवतो, कारण या लयीत नाचता येते आणि तिची निम्मी, म्हणजे ७०, ही ब्रेकडाऊनला हवी तशी संथ आणि भारदस्त असते. ठाय आणि दुगुन यांचे हे नाते आपल्याकडे तालाचे प्राथमिक शिक्षण घेतलेल्या कुणालाही नवीन नाही. संगणकावरची लय मात्र १४० वरच ठेवायची. बदलायची ती फक्त स्नेअरची, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमची जागा. नाचाच्या भागात किक चारही मात्रांवर आणि स्नेअर किंवा टाळी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडते, तर ब्रेकडाऊनमध्ये स्नेअर फक्त तिसऱ्या मात्रेवर येते. तेवढ्या एका बदलाने लय निम्मी झाल्याचा भास होतो.

आकडे हाताशी असलेले बरे. १४० बीपीएमला एक मात्रा सुमारे ४२९ मिलिसेकंदांची, चार मात्रांचे आवर्तन १.७१ सेकंदांचे आणि आठ आवर्तने १३.७ सेकंदांची होतात. हे आकडे पुढे इको, साइडचेन (किक वाजताच बाकीचे आवाज क्षणभर दाबण्याची युक्ती) आणि शांततेची लांबी ठरवताना सतत लागतात, म्हणून ते भिंतीवर चिकटवून ठेवावेत.

तिसरी पायरी: सूर आणि तारा

गिटार ड्रॉप सी या जुळणीत (तारा सैल करून सर्वांत जाड तार सी स्वरावर आणलेली) असेल तर सर्वांत जाड तार ६५.४ हर्ट्‌झवर वाजते; ड्रॉप ए असेल तर ५५ हर्ट्‌झवर. गाण्याचा षड्ज त्या मोकळ्या तारेवरच ठेवावा, कारण ब्रेकडाऊनमधले ठोके मोकळ्या तारेवर तळहाताचा दाब ठेवूनच सर्वांत घट्ट येतात. ड्रॉप सीसाठी जाड तार निदान ५४ किंवा ५६ मापाची घ्यावी. नेहमीची ४६ ची तार सैल पडते आणि सूर लडबडतो.

इथे एक अडचण हमखास येते आणि ती मी स्वतः बराच काळ ओळखू शकलो नव्हतो. सिंथ सुरात पूर्ण नेमका असतो, तर सैल केलेली जाड तार जोरात मारली की पहिल्या क्षणी थोडी वर चढते आणि मग खाली स्थिरावते. ट्यूनरवर हळुवार छेडून जुळवलेली गिटार म्हणूनच गाण्यात सिंथशी भांडते, आणि आपण दोष मिक्सिंगला देत बसतो. उपाय असा की गाण्यात जितक्या जोराने वाजवणार आहोत तितक्याच जोराने तार मारून, पहिल्या क्षणाला ट्यूनर काय दाखवतो ते पाहून जुळवणी करावी, आणि प्रत्येक टेकनंतर, म्हणजे एकेका सलग ध्वनिमुद्रणानंतर, पुन्हा तपासावी.

स्वरांची वाटणी हा दुसरा मुद्दा. भरपूर डिस्टॉर्शन (आवाज फाडून करकरीत करणारा परिणाम) लावलेल्या गिटारवर षड्ज आणि पंचम खणखणीत वाजतात, पण त्यांच्यात गंधार घातला की तो चिखलासारखा होतो. त्यामुळे मेटलची गिटार बहुधा गंधार वाजवतच नाही, आणि म्हणून गाण्याचा भाव कोमल गंधाराचा की शुद्ध गंधाराचा, हे ठरवण्याचा अधिकार सिंथकडे जातो. ही फार मोठी सोय आहे. तीच गिटार, तेच ठोके, आणि वर सिंथने कोमल गंधार धरला तर उदास, शुद्ध गंधार धरला तर उत्सवी. एकाच रिफचे (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याचे) दोन अर्थ होतात. सिंथचा आवाज रुंद हवा असेल तर सुपरसॉ वापरावा. सात करवती लहरी एकमेकींपासून किंचित बेसूर ठेवून एकत्र वाजवण्याची ही पद्धत रोलंडच्या १९९६ मधल्या जेपी-८००० या वाद्यातून पुढे आली आणि ट्रान्सची ओळखच बनली. आज ते वाद्य विकत घ्यायची गरज नाही. व्हायटल किंवा सर्ज एक्सटी यांसारख्या मोफत मिळणाऱ्या सिंथमध्येही तो आवाज सहज तयार होतो.

चौथी पायरी: सांधा आधी, गाणे नंतर

बहुतेक जण गाणे सुरुवातीपासून लिहीत जातात आणि ड्रॉपपर्यंत पोहोचेस्तोवर थकतात. माझा आग्रह असा की कडवे, ध्रुवपद वगैरे काहीही न लिहिता आधी फक्त सोळा आवर्तने करावीत: आठ चढणीची आणि आठ कोसळण्याची. ही सत्तावीस सेकंद ऐकताना अंगावर काटा आला नाही, तर बाकीचे तीन मिनिटांचे गाणे लिहून काही उपयोग नसतो.

चढणीची बांधणी अशी करावी. पहिल्या चार आवर्तनांत स्नेअर प्रत्येक मात्रेवर एकदा, पुढच्या दोनांत मात्रेला दोनदा, सातव्या आवर्तनात मात्रेला चारदा. सिंथवरचा फिल्टर (वरचे सूर झाकणारे साधन) बंद ठेवून सुरुवात करावी आणि आठ आवर्तनांत हळूहळू उघडावा. त्याच वेळी उलट दिशेने दुसरी गोष्ट करायची: खालचे सूर काढून घ्यायचे. बास आणि किक पाचव्या आवर्तनापासून कमी करत नेऊन सातव्याला पूर्ण बंद करावी. ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही, पण पायाखालची जमीन काढून घेतलेली असते, आणि ती परत मिळाल्याचा आनंद म्हणजेच ड्रॉप.

आठव्या आवर्तनात पहिल्या दोन मात्रा स्नेअरचा कडकडाट चालू ठेवावा आणि उरलेल्या दोन मात्रांत सगळे थांबवावे. या शांततेची लांबी ८५७ मिलिसेकंद होते. तिथे फक्त एक आवाज असावा: एखादी आरोळी, एक श्वास, किंवा तोंडाने म्हटलेला एक शब्द. शांतता खरीच शांत असली पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर गिटारची लहर मोठी करून पाहिली तर थांबल्यानंतरही तारेवरून बोट सरकल्याची चर्र आणि अँपचा घों-घों आवाज शिल्लक दिसतो. तो कापावा आणि कापलेल्या टोकाला पाचेक मिलिसेकंदांचा उतार द्यावा, नाहीतर टक असा आवाज येतो. इकोची शेपटीही इथे तोडावी. नवशिक्याच्या आणि जाणत्याच्या ड्रॉपमधला फरक बहुतेक वेळा या पाऊण सेकंदात असतो.

आता कोसळण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे समेवर थेट नाच: चार मात्रांची किक, सुपरसॉची धून आणि तिच्याखाली गिटारचे लांब धरलेले स्वर. दुसरा मार्ग म्हणजे चढण पूर्ण नाचाची ठेवून समेवर निम्म्या लयीचा ब्रेकडाऊन आणणे. श्रोता उडी मारायच्या तयारीत असतो आणि त्याला जमिनीवर आपटणारा ठोका मिळतो. तिसरा मार्ग हा दोन्हींचा जोड आहे आणि मला तोच सर्वांत श्रेयस्कर वाटतो: पहिली चार आवर्तने नाच, पुढची चार आवर्तने तोच ठेका गिटारच्या ठोक्यांत बसवलेला ब्रेकडाऊन, आणि दोन्हींत सिंथची धून तीच. धून बदलली नाही की श्रोत्याला दोन तुकडे जोडल्यासारखे वाटत नाही. म्हणून ब्रेकडाऊनचे ठोके लिहिताना रिकाम्या कागदावरून सुरुवात न करता सिंथच्या धुनेतले आघात कुठे पडतात ते मोजावे आणि गिटार व किक नेमकी त्याच जागांवर ठेवावी.

समेच्या पहिल्या मात्रेवर खालच्या सुरांचा एक घसरता आवाज घालण्याची मेटलकोअरमध्ये जुनी रीत आहे: साधी साइन लहर ८० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होऊन दीड-दोन सेकंदांत ३० पर्यंत उतरते. तो एका गाण्यात एकदाच वापरावा. दर ब्रेकडाऊनला वापरला तर तिसऱ्या खेपेला त्याच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही.

पाचवी पायरी: ड्रम आणि खालच्या सुरांची वाटणी

किक दोन थरांची करावी. टकटकीत वरचा भाग खऱ्या ड्रमचा किंवा त्याच्या नमुन्याचा, आणि धप्प असा खालचा भाग इलेक्ट्रॉनिक किकचा. दोन्हींच्या लहरी पडद्यावर एकाखाली एक ठेवून त्यांचे पहिले शिखर एकाच दिशेने आणि एकाच क्षणी सुरू होते का ते पाहावे. एक वर आणि एक खाली जात असेल तर दोन्ही मिळून आवाज वाढण्याऐवजी पोकळ होतो. अशा वेळी एका थराची फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करावी.

मग बास, किक आणि गिटार यांची हद्द आखावी. ड्रॉप सीमधल्या बास गिटारचा मूळ सूर ३२.७ हर्ट्‌झ आहे आणि त्याचा दुसरा अंश (दुप्पट कंपनांचा उपस्वर) ६५.४ वर येतो, म्हणजे गिटारच्या मूळ सुराच्या जागी. यामुळे गिटारमधून ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचे सगळे निर्धास्त काढून टाकता येते. जाडी बासकडून मिळते आणि कानाला मात्र गिटारच जाड वाटते. किकचा धप्पा ५० ते ६० च्या आसपास असेल तर बासमध्ये तेवढा खड्डा करावा. वर, जिथे गिटारचा करकरीतपणा असतो त्या दोन ते चार हजार हर्ट्‌झमध्ये, सिंथ थोडा मागे घ्यावा आणि त्याला त्याच्याही वर चमकू द्यावे. गिटार डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी, दोन्ही वेगवेगळ्या वेळी वाजवलेल्या असाव्यात. एकाच टेकची नक्कल दुसऱ्या बाजूला ठेवली तर रुंदी मिळत नाही. डिस्टॉर्शन आपल्याला हवेसे वाटते त्याहून कमी ठेवावे, कारण ठोक्यांच्या मधली शांतता ऐकू आली तरच ठोका ऐकू येतो.

साइडचेनशिवाय हा प्रकार श्वास घेत नाही. किक वाजली की सिंथ आणि बास क्षणभर दबून पुन्हा वर येतात आणि त्यातून नाचाची ती ओढ तयार होते. १४० च्या लयीत दबलेला आवाज साधारण २१४ मिलिसेकंदांत, म्हणजे अर्ध्या मात्रेत, परत येईल असा रिलीज ठेवावा. ब्रेकडाऊनमध्ये ड्रमर दोन्ही पायांनी वेगाने किक वाजवतो तेव्हा मात्र हीच सोय उलटते आणि सिंथ फडफडू लागतो. त्यासाठी एक मूक किक तयार करावी: तिचा आवाज कुठेही जात नाही, ती फक्त साइडचेनला इशारा देते, आणि ती कुठे पडावी हे आपण हाताने ठरवतो.

सहावी पायरी: आवाज

ओरडण्याच्या गायकीचा अभ्यास स्वतंत्रच करावा लागतो, आणि इथे घाई केलेली घशाला महागात पडते. गुरगुरणारा खालचा आवाज खऱ्या स्वरतंतूंवर जोर देऊन काढायचा नसतो. त्यांच्या वर असलेल्या खोट्या स्वरतंतूंना पोटातून येणाऱ्या स्थिर श्वासाने कंप देऊन तो येतो. दुखले, खवखवले किंवा बोलताना आवाज बसलेला वाटला की त्या दिवसाचे काम थांबवावे. शक्य असेल तर शिक्षक गाठावा. ध्वनिमुद्रण करताना अर्ध्या-पाऊण तासाहून लांब बैठक ठेवू नये आणि सर्वांत कठीण ओळी आधी घ्याव्यात.

‘हुरिकान’मध्ये या बँडने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या घरच्या लोकप्रिय चालीवर गाणे रचले आणि ते जर्मनी बाहेरच्या श्रोत्यांनीही उचलून धरले, मराठीत लिहिताना संकोचणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मराठी शब्दांचे वजन या प्रकाराला चांगले पेलते. समेवरच्या आरोळीसाठी ‘आ’ किंवा ‘ओ’वर संपणारे दोन-तीन अक्षरांचे शब्द निवडावेत, जसे ‘उठा’, ‘तोडा’, ‘जागा हो’; तोंड उघडे राहते आणि आवाज मोठा होतो. ‘ई’वर संपणारे शब्द ओरडताना बारीक होतात, ते स्वच्छ गायच्या ध्रुवपदासाठी राखून ठेवावेत. ध्रुवपद सोपे असावे, इतके की दुसऱ्यांदा येईपर्यंत श्रोत्याला पाठ झालेले असेल.

सातवी पायरी: रंगमंचावर

संगणकातला सिंथ आणि समोरचा ड्रमर यांना एकत्र ठेवणारी गोष्ट म्हणजे क्लिक (मात्रा मोजणारी टिकटिक), आणि ती ड्रमरच्या कानात गेलीच पाहिजे. मोठी सामग्री नसेल तर लॅपटॉपच्या स्टिरिओ आउटपुटची डावी बाजू क्लिकसाठी आणि उजवी बाजू सिंथच्या ट्रॅकसाठी वापरावी. डावी ड्रमरच्या इन-इअरला, उजवी डीआय बॉक्समधून (सिग्नल टेबलाला जुळवून देणाऱ्या डबीतून) ध्वनियंत्रकाच्या टेबलाला. सिंथ यामुळे मोनो होतो, म्हणून घरीच एकदा मोनोमध्ये ऐकून सुपरसॉ पातळ पडत नाही ना याची खात्री करावी. गाण्याआधी चार क्लिक, आणि चढणीनंतरच्या शांततेतही क्लिक चालू. तिथे ड्रमर आपल्या मनाने मोजू लागला तर सम चुकते आणि सगळी मेहनत वाया जाते. ट्रॅकची दुसरी प्रत फोनवर किंवा वेगळ्या प्लेअरवर तयार ठेवावी.

साउंडचेकला बँडला वेळ फार थोडा मिळतो, तेव्हा गाणे सुरुवातीपासून वाजवत बसू नये. सांध्याची ती सोळा आवर्तनेच वाजवावीत आणि एकाने सभागृहाच्या मध्यभागी उभे राहून ऐकावे. समेवर जमीन हादरते पण गिटारचे ठोके वेगवेगळे ओळखू येत नाहीत, असे झाले तर ध्वनियंत्रकाला खालचे स्पीकर तीन डेसिबलने कमी करायला सांगावे, आणि मग तीच सोळा आवर्तने पुन्हा वाजवावीत.